हौसेने काढलेली व्यंगचित्रे आणि हातच्या गमतीच्या वस्तू इतरांसमोर कशा मांडाव्यात?

रेघोटी

नमस्कार. गेली काही वर्षे मी हौसेने व्यंगचित्रे काढत आहे आणि उरलेले कापड, पुठ्ठा, बटणे, तार अशा वस्तूंपासून छोटे प्राणी व बाहुल्या करत आहे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही आणि यातून चार पैसे मिळवावेत असाही हेतू नाही. आजवर हे सारे घरातल्या माणसांनी आणि काही मित्रमैत्रिणींनी पाहिले होते. आता मात्र माझ्यासारख्याच हौशी मंडळींसमोर ते मांडू लागले आहे आणि त्यातून काही प्रश्न उभे राहिले आहेत.

पहिला प्रश्न चित्र पोहोचण्याचा आहे. बहुतेक चित्रांवर 'छान', 'मस्त' किंवा टाळ्यांची खूण एवढाच अभिप्राय मिळतो. त्यामागचा आपलेपणा मला कळतो आणि तो हवाही असतो. परंतु विनोद खरोखर पोहोचला की सौजन्य म्हणून कौतुक झाले, हे त्यावरून समजत नाही. अलीकडचेच एक चित्र उदाहरण म्हणून सांगते. भर पावसात शेतात एक बुजगावणे उभे आहे. त्याने उजव्या हातात छत्री धरली आहे, आणि ती स्वतःच्या डोक्यावर न धरता डाव्या हातावर ओळीने बसलेल्या पाखरांवर धरली आहे. खाली मी 'दयाळू बुजगावणे' असे लिहिले होते. दोघांनी मागचे कुंपण सुरेख जमल्याचे कळवले. चित्रात कुंपण नाही. त्या पावसाच्या धारा आहेत. पाखरांविषयी तर कोणी अवाक्षरही काढले नाही.

दुसरी अडचण छायाचित्राची आहे. कागदावर स्वच्छ दिसणारे चित्र मोबाइलमध्ये करडे किंवा एका बाजूने पिवळट येते. ते संगणकावर साफ करावे का, आणि केल्यास हाताने काढल्याची खूण पुसली जाईल का, याविषयी माझे मत बनत नाही. बाहुल्यांची अवस्था याहून वाईट आहे. करड्या मोज्याचा एक हत्ती मी केला आहे. त्याची सोंड म्हणजे जुन्या दप्तराची चेन आहे, आणि ती उघडली की आतून लाल कापडाची जीभ बाहेर येते. हातात घेतल्यावर लहानथोर सगळे त्याच्याशी खेळत बसतात. छायाचित्रात मात्र तो मोज्यांचे बोचके वाटतो.

शेवटचा प्रश्न थोडा संकोचाने विचारते. ज्यांचा हात खरोखर तयार आहे अशी मंडळीही याच ठिकाणी आपले काम दाखवतात. त्यांच्या शेजारी माझ्यासारखीने अर्धेकच्चे काम मांडावे, की हात बसेपर्यंत थांबावे?

टाकदौत

रेघोटी, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न त्यावर अवलंबून आहेत. थांबू नका. चित्रकथेच्या इतिहासात ज्याचे नाव अगदी आरंभी घेतले जाते तो रोडॉल्फ टॉप्फर हा जिनिव्हातील एक शिक्षक होता. वडील चित्रकार असूनही दृष्टिदोषामुळे त्याला तो मार्ग सोडावा लागला. विद्यार्थ्यांच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी तो वह्यांमध्ये रेखाटनांतून लांबलचक विनोदी गोष्टी रचत असे. 1827च्या सुमारास सुरू झालेल्या या वह्या बरीच वर्षे हातोहातच फिरत राहिल्या. त्यांतील काही उतारवयातील जर्मन कवी गटेच्या पाहण्यात आल्या आणि त्याने मनापासून दाद दिली. त्यानंतर 1833मध्ये टॉप्फरची पहिली चित्रकथा छापून झाली. पुढे 1845मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्याने मांडलेला मुद्दा प्रत्येक हौशी माणसाने ध्यानात ठेवावा असा आहे: मानवी चेहरा कितीही ओबडधोबड काढला, तरी त्यावर कोणता ना कोणता भाव उमटतोच. मग तसेच आणखी चेहरे काढावेत, एखादी भुवई वर न्यावी, ओठाचे टोक खाली आणावे, आणि भाव कशाने बदलला ते पाहावे. शरीररचनेचा अभ्यास ज्याला जमला नाही त्यालाही हा मार्ग खुला आहे. आपल्याकडे वसंत सरवटे हे व्यवसायाने अभियंता होते, आणि मराठी व्यंगचित्रांचा विचार त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही.

आता तुमचे बुजगावणे. मी ते आधी मोबाइलच्या पडद्यावर पाहिले, कारण बहुतेकांनी तसेच पाहिले असणार. तेथे सर्वांत आधी डोळ्यांत भरते ती छत्री, कारण चित्रातला सर्वांत मोठा काळा भाग तोच आहे. त्यानंतर बुजगावण्याची टोपी दिसते. मग नजर पावसावर जाते आणि तेथेच अडते. तुमच्या धारा चित्राच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत सलग उतरल्या आहेत, त्या सरळ उभ्या आहेत, त्यांच्यातले अंतर सारखे आहे आणि त्या एकाच पातळीवर थांबल्या आहेत. कुंपणाची लक्षणे याहून वेगळी नसतात, त्यामुळे त्या दोघांचे काही चुकले असे मला वाटत नाही. धारा थोड्या तिरप्या घ्या, मध्येच तोडा, त्यांची लांबी कमीजास्त ठेवा आणि बाकीच्या चित्रापेक्षा त्या बारीक टोकाने काढा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छत्रीच्या खाली एकही रेघ येऊ देऊ नका. तेथे कोरा पांढरा कागद राहू द्या. या चित्राचा सारा विनोद त्या कोरड्या जागेत आहे आणि सध्या ती जागाच चित्रात नाही. पाखरे त्या पांढऱ्या जागेत, जरा जाड रेषेने काढली, तर ती शोधावी लागणार नाहीत.

एक गोष्ट तुमच्या चित्रात फार चांगली आहे, आणि तिच्याकडे कदाचित तुमचे स्वतःचेच लक्ष गेलेले नसावे. बुजगावण्याला कोपर नसते. त्याचे दोन्ही हात म्हणजे एक आडवी काठी असते. छत्री पाखरांवर धरण्यासाठी तुम्ही त्याचा उजवा हात वाकवला आहे. म्हणजे त्याने काठी मोडून घेतली आहे. तेथे बाही फाटून पेंढा बाहेर आलेला दाखवा. त्या एका तपशिलाने चित्र गोड न राहता खोल होईल.

मग 'दयाळू' हा शब्द आपोआप गळून पडेल. चित्र जे सांगते तेच खालचे शब्द पुन्हा सांगत असतील तर वाचकाला स्वतः शोधण्याचा आनंद मिळत नाही. शि. द. फडणीस यांची कितीतरी हास्यचित्रे शब्दांवाचून बोलतात, ती वाचकाच्या नजरेवर विश्वास ठेवतात म्हणूनच. ओळ लिहायचीच असेल तर ती चित्राबाहेरचे काहीतरी घेऊन आली पाहिजे. उदाहरणार्थ, बुजगावणे पाखरांना म्हणते आहे: 'उद्या मालक आले की जरा घाबरल्यासारखे करा.' या ओळीत चित्र नाही आणि चित्रात ही ओळ नाही. दोन्ही एकत्र आल्यावरच गोष्ट पुरी होते. ही ओळ घ्याच असा आग्रह नाही. मला स्वतःला हे चित्र शब्दांविना अधिक आवडेल.

अभिप्रायाविषयी एक उपाय अनुभवाने सांगतो. 'कसे वाटले?' असे विचारले की उत्तर 'छान' असेच येते, कारण त्या प्रश्नाला दुसरे सभ्य उत्तर नाही. त्याऐवजी 'सर्वांत आधी काय दिसले आणि त्यानंतर काय दिसले?' असे विचारा. याचे उत्तर द्यायला चित्रकलेचे ज्ञान लागत नाही, कोणाला दुखावण्याचा प्रसंग येत नाही, आणि तुम्हाला नेमके हवे ते कळते. मात्र उत्तरे येईपर्यंत चित्राचा खुलासा करू नका. तुम्ही पहिल्याच ओळीत 'यात पाखरे आहेत बरे का' असे लिहिले की पुढचा प्रत्येक जण पाखरे पाहिल्याचे सांगेल.

कोराकागद

मी छायाचित्रापुरते लिहिते. कॅमेरा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून प्रकाश मोजतो. चौकट पांढऱ्या कागदाने भरलेली असली की त्याचा अंदाज चुकतो आणि कागद करडा येतो. मोबाइलमध्ये चित्रावर बोट ठेवल्यावर सूर्याची खूण असलेली पट्टी दिसते. ती थोडी वर सरकवली की कागद पुन्हा पांढरा होतो. एका बाजूचा पिवळेपणा बहुधा दोन प्रकारचे प्रकाश मिसळल्यामुळे येतो. दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नव्हे, असे चित्र ठेवा आणि खोलीतले दिवे बंद करा. फ्लॅश वापरू नका, शाई चमकते. मोबाइल कागदाला समांतर धरा आणि फार जवळ नेऊ नका, कारण अगदी जवळून घेतल्यास कागदाच्या कडा फुगीर दिसतात. जरा मागे सरून दुप्पट झूम केल्यास त्या सरळ राहतात.

स्कॅनर मिळत असेल तर व्यंगचित्रासाठी तोच उत्तम. रंगीत किंवा पेन्सिलीच्या कामाला 300 डीपीआय (एका इंचातील ठिपक्यांची संख्या) पुरते. काळ्या रेषेचे काम कधी छापायचे असेल तर 600 घ्यावे. पडद्यावर दाखवण्यासाठी लांब बाजू 2000 पिक्सेलच्या आसपास आणली तरी चालते. त्यानंतर चित्र सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमधील 'लेव्हल्स' ही उजेड-अंधाराची पट्टी उघडून पांढरे टोक कागदाच्या छटेपर्यंत आणि काळे टोक शाईच्या छटेपर्यंत आणावे. त्याहून पुढे ओढू नये, नाहीतर बारीक रेषा तुटू लागतात आणि तुमचा पाऊस नाहीसा होईल. रेषाचित्र पीएनजी स्वरूपात जतन करावे. जेपीईजीमध्ये काळ्या कडेभोवती मळकट ठिपके उमटतात, आणि निरोप पाठवण्याच्या ॲपमधून चित्र गेले की ते आणखी दाबले जाऊन हे ठिपके वाढतात. तेथे चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

साफसफाईबाबत माझे मत स्पष्ट आहे. कच्च्या पेन्सिलीच्या खुणा पूर्ण काढाव्यात, कारण लहान पडद्यावर त्या धुळीसारख्या दिसतात. कच्चे रेखाटन फिकट निळ्या पेन्सिलीने केले तर स्कॅननंतर तेवढा रंग वेगळा करून काढता येतो आणि खोडरबराने कागद घासावा लागत नाही. शाई पाण्याने न पसरणारी निवडा आणि ती पूर्ण वाळल्यावरच पुढचे काम करा.

आणखी एक सूचना. मोबाइलने घेतलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. घरात घेतलेले छायाचित्र अनोळखी लोकांपुढे ठेवण्याआधी ती नोंद काढून टाकावी.

टाकदौत

कोराकागद, तांत्रिक भागाशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु पेन्सिलीच्या खुणा सरसकट काढण्याशी नाही. छापण्यासाठी काढलेल्या जुन्या व्यंगचित्रांच्या मूळ प्रती पाहिल्या तर त्यांवर निळ्या पेन्सिलीच्या रेघा, पांढऱ्या रंगाने झाकलेले भाग, वरून चिकटवलेले कागदाचे तुकडे सर्रास दिसतात, आणि हात कसा विचार करत गेला ते त्यातूनच समजते. छपाईत ते दिसणे दोष ठरले असते. येथे आपण छापत नाही, एकमेकांना दाखवत आहोत. विनोद वाचण्यात अडथळा येईल अशी खूण जरूर काढावी, पण टोपीचा कोन शोधताना उमटलेल्या दोन-तीन रेघा राहिल्या तर शिकणाऱ्याला त्यांचा उपयोगच होईल. शक्य असल्यास स्वच्छ प्रत आधी आणि कच्चे रेखाटन तिच्यामागून, असे दोन्ही ठेवावे.

चिंधीबाहुली

मी हत्तीविषयी लिहिते, कारण तो मला फार आवडला.

रेघोटीताई, तुमच्या हत्तीत दोष नाही. तो पाहण्यापेक्षा हाताळण्यासाठी केलेला आहे, आणि स्थिर छायाचित्रात नेमके तेच हरवते. चित्रकार पाउल क्ले याने आपल्या मुलासाठी 1916 ते 1925 या काळात सुमारे 50 हातबाहुल्या केल्या. पहिल्या काही बाहुल्या मुलाच्या नवव्या वाढदिवसाच्या होत्या. प्लास्टर, हाडे, विजेच्या सॉकेटचा तुकडा, आगपेटी, कापडाच्या चिंध्या असे जे हाताशी आले ते त्याने वापरले. त्यांतल्या 30 बाहुल्या उरल्या आहेत. त्या खेळण्यासाठी होत्या, आणि आज काचेआड उभ्या असताना त्यांच्यात हात घातलेला नसल्याची जाणीव सतत होत राहते. शिल्पकार अलेक्झांडर काल्डर याने 1926 ते 1931 या वर्षांत तार, कापड आणि बुचांची एक संपूर्ण सर्कस केली. ती तो बैठकीत मित्रांसमोर स्वतः जमिनीवर बसून, एकेक कसरतपटू हाताने हलवत सादर करत असे. हळूहळू तिचा पसारा पाच सुटकेसांएवढा झाला. आपल्या कामाला माणसाचा हात हवा आहे, हे त्याने पुरते ओळखले होते.

म्हणून हत्तीचे चलचित्र घ्या. चेन उघडताना होणारा आवाज त्यात अवश्य येऊ द्या. जीभ बाहेर येण्याआधी क्षणभर थांबा आणि मग ती ओढा. काही सेकंद पुरेत. स्थिर छायाचित्र घ्यायचेच असेल तर सोंड अर्धी उघडलेली ठेवा आणि चौकटीत तुमची बोटे असू द्या. त्याने हत्तीचा आकारही कळतो आणि तो हातातला आहे हेही कळते. कॅमेरा वरून न रोखता हत्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. आपण वरून पाहतो तेव्हा ती वस्तू असते; डोळ्यांच्या पातळीवर आलो की तिला स्वभाव येतो. प्रकाश एका बाजूने आला तर मोज्याची वीण उठून दिसेल. करड्या हत्तीमागे करडी भिंत असेल तर मात्र कशाचाच उपयोग नाही, म्हणून मागे फिकट पिवळा किंवा पांढरा कागद लावा.

पुढे हौस वाटली तर त्याला चालवताही येईल. मोबाइल घट्ट बसवायचा, हत्ती थोडा हलवायचा, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा थोडा हलवायचा. सेकंदाला 12 छायाचित्रे धरली तरी चाल पुरेशी जिवंत वाटते. याच हिशेबाने वहीच्या कोपऱ्यात काढलेली 24 चित्रे भराभर उलटली की दोन सेकंदांची गोष्ट होते, आणि तुम्ही रेखाटन करता म्हणून ही वहीसुद्धा तुम्हाला जमेल.

आपण काम उघडून दाखवावे, असेही मला वाटते. हत्तीच्या पोटाची शिवण, चेन मोज्याला कशी जोडली आहे, पाय उभे राहावेत म्हणून आत काय भरले आहे, याचे एखादे छायाचित्र सोबत ठेवा. 'छान' म्हणून थांबणारी माणसे अशा छायाचित्राखाली प्रश्न विचारू लागतात, कारण त्यांनाही करून पाहायचे असते.

रेघोटी

सर्वांचे मनापासून आभार. बुजगावणे पुन्हा काढले. छत्रीखालची जागा कोरी ठेवल्याबरोबर पाखरे दिसू लागली, आणि फाटलेल्या बाहीतून पेंढा काढताना मला स्वतःलाच त्याच्याविषयी वेगळे काही वाटले. चित्राखाली आता शब्द नाहीत. ज्यांनी आधीचे चित्र पाहिले नव्हते त्यांना टाकदौत यांचा प्रश्न विचारला. बहुतेकांनी आधी छत्री आणि मग पाखरे सांगितली. एका मुलीने मात्र सर्वांत आधी मोडलेला हात सांगितला, आणि तो दुखत असेल का असे विचारले.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ओळखीच्या एका गृहस्थांवरून काढलेले एक व्यंगचित्र मला दाखवायचे आहे. त्यात त्यांची थट्टा असली तरी ती प्रेमाची आहे. आणि एका प्रसिद्ध कार्टूनमधल्या पात्राची मी कापडी बाहुली केली आहे. ही दोन्ही इतरांपुढे ठेवण्यात काही गैर आहे का?

समास

व्यंगचित्र आधी त्या गृहस्थांना दाखवावे आणि ते कोठे दिसणार आहे हेही त्यांना सांगावे. घरात हसून दाद देणारा माणूस अनोळखी लोकांसमोर तेच चित्र आल्यावर दुखावू शकतो, आणि एकदा पसरलेले चित्र परत घेता येत नाही. त्यांनी नको म्हटले तर चेहरा, चष्मा, केशरचना असे ओळखू येणारे सारे बदलून केवळ प्रसंग ठेवावा. प्रसंगात दम असेल तर चित्र तरीही उभे राहते.

बाहुलीच्या बाबतीत मूळ पात्रावर त्याच्या निर्मात्याचा हक्क असतो. 1886च्या बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार हा हक्क कलाकृती तयार होताच, कोणतीही नोंदणी न करता मिळतो आणि निर्मात्याच्या मृत्यूनंतरही किमान 50 वर्षे टिकतो. अनेक देशांत तो याहून अधिक काळ असतो. सवलतींचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. हौसेने केलेल्या बाहुलीचे छायाचित्र दाखवण्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही, तरी पात्र कोणाचे आहे ते स्पष्ट लिहावे आणि अशी बाहुली विकण्याचा विचार परवानगीवाचून करू नये. दुसऱ्याचे व्यंगचित्र पाहून सराव केला असेल तर तेही त्या चित्राबरोबरच लिहावे.

तोच नियम तुमच्याही बाजूने आहे. बुजगावणे तुमचे आहे आणि त्यासाठी कोठे अर्ज करावा लागत नाही. ते इतरांनी नावासह पुढे पाठवावे, पण बदलू नये आणि त्यावर पैसे कमवू नयेत असे वाटत असेल, तर आपले काम इतरांनी कोणत्या अटींवर वापरावे हे सांगणाऱ्या, 2002पासून उपलब्ध असलेल्या क्रिएटिव्ह कॉमन्सच्या तयार परवान्यांत तसा परवाना आहे. चित्रासोबत त्याचे नाव लिहिले की पुरते. सही मात्र कोपऱ्यात करू नका, कारण तेथून ती सहज कापली जाते. बुजगावण्याच्या काठीला लागून, गवतात करा.